मूल्यमापनाचेही मूल्यमापन हवे

अमेरिकेचे परकीय साहाय्य ज्या संस्थेमार्फत सहा दशकांहून अधिक काळ जगभर पोचत होते, ती ‘यूएसएड’ १ जुलै २०२५ रोजी स्वतंत्र संस्था म्हणून संपुष्टात आली आणि तिचे उरलेसुरले काम त्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडे गेले. ब्रिटननेही त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आपले साहाय्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले. दात्यांचा हात असा आखडता होत असताना कोणती योजना राखावयाची आणि कोणती मोडीत काढावयाची, हा प्रश्न उभा राहणे क्रमप्राप्त आहे. त्याचे उत्तर वास्तविक त्या त्या योजनेच्या मूल्यमापन-अहवालात सापडावयास हवे. ते तेथे क्वचितच सापडते, हे या क्षेत्राचे जुने दुखणे आहे.

याचा अर्थ अहवालांचा दुष्काळ आहे असा नव्हे. जागतिक बँकेत रॉबर्ट मॅक्नामारा यांच्या कारकीर्दीत, १९७० साली, मूल्यमापनाचा कक्ष स्थापन झाला आणि पुढे त्याचा प्रमुख बँकेच्या अध्यक्षांना नव्हे तर थेट संचालक मंडळाला जबाबदार राहील अशी तजवीज करण्यात आली. श्रीमंत राष्ट्रांच्या विकास साहाय्य समितीने १९९१ साली मूल्यमापनाचे पाच निकष ठरवून दिले व २०१९ साली त्यांत सहाव्याची भर घातली. आपल्या देशाने तर या सर्वांच्या आधी, १९५२ साली, सामूहिक विकास योजनेची पारख करण्यासाठी नियोजन मंडळात स्वतंत्र कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली होती. प्रारंभीच्या वर्षांत तिची धुरा प्रा. द. गो. कर्वे यांच्यासारख्या मराठी अर्थशास्त्रज्ञाने वाहिली, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. यंत्रणा आहे, निकष आहेत, कपाटे भरतील इतके कागद आहेत. उणीव आहे ती अचूक प्रश्न विचारण्याची आणि मिळालेले उत्तर पचविण्याची.

बांगलादेशातील पोषण योजनेचा इतिहास या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. तामिळनाडूत १९८० साली जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या बालपोषण योजनेला चांगले यश आले होते. मुलांची नियमित वजने घ्यावयाची, कृश बालकांना व गरोदर स्त्रियांना पूरक आहार द्यावयाचा आणि मातांना आहाराविषयी समजावून सांगावयाचे, असे तिचे साधारण स्वरूप होते. हाच नमुना १९९५ साली बांगलादेशात नेण्यात आला. गावोगावी केंद्रे उघडली, वजने घेतली गेली, मातांच्या सभा भरल्या. कागदोपत्री सारे यथासांग चालले होते. मात्र ‘सेव्ह द चिल्ड्रेन’ या ब्रिटिश संस्थेने योजनेची गावे आणि योजनेबाहेरची गावे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा मुलांच्या कुपोषणात लक्षणीय फरक दिसेना. २००३ साली तिने हे जाहीर केले आणि मोठा वाद माजला. अखेर बँकेच्याच मूल्यमापन विभागाने फेरतपासणी केली. योजनेच्या स्वतःच्या पाहण्यांत तुलनेची व्यवस्था समाधानकारक नसल्याने त्याला अन्य राष्ट्रीय पाहणीतील आकड्यांचा आधार घ्यावा लागला. २००५ सालच्या त्याच्या अहवालाचा निष्कर्षही उत्साहवर्धक नव्हता. लाभ अगदी अल्प झाला होता.

असे का व्हावे? त्या अहवालाने दिलेले उत्तर आमच्या वाचकांस, विशेषतः भगिनींस, चटकन उमगेल. योजनेने सारा उपदेश केला तो सुनेला. तामिळनाडूत घरात काय शिजावे आणि मुलाच्या ताटात काय पडावे हे बहुधा आई ठरवीत असे. बांगलादेशच्या ग्रामीण भागात मात्र बाजारहाट पुरुषांच्या हाती आणि एकत्र कुटुंबात स्वयंपाकघराची सत्ता सासूच्या हाती. सुनेला सारे पटले तरी ते अमलात आणण्याचा अधिकार तिला नव्हता. त्यातच केंद्रावर मूल जेवले म्हणून घरच्या घासात काटछाट होई, ती वेगळीच. किती मातांना उपदेश केला हा आकडा अचूक होता, परंतु ‘या घरात निर्णय कोणाचा?’ हा साधा प्रश्न आरंभी विचारला गेला नव्हता. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, पहिल्या योजनेचा अंतिम निर्णय लागण्यापूर्वीच तिची देशव्यापी आवृत्ती मंजूर होऊन गेली होती!

त्याच देशातील कूपनलिकांची कथा याहून दारुण आहे. तलाव-डबक्यांच्या दूषित पाण्याने अतिसार होऊन बालके दगावत, म्हणून १९७० नंतर युनिसेफच्या साहाय्याने तेथे मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदण्यात आल्या. हेतू निःसंशय स्तुत्य होता. ऐंशी टक्के लोकांना २००० सालापर्यंत सुरक्षित पाणी देण्याचे उद्दिष्ट मुदतीपूर्वीच ओलांडल्याचे १९९७ साली सांगण्यात आले. परंतु त्या पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक असल्याचे १९९३ सालीच उघड झाले होते. शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये तर त्वचेवर डाग पडलेले रुग्ण १९८३ पासून कलकत्त्याच्या डॉक्टरांकडे येत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली आलेल्या लेखाने या प्रकाराला इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले. साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक धोक्याच्या छायेत होते. मोजणी नळांची झाली, पाण्याची झाली नाही.

मग दोष कोणाचा? आमच्या मते तो व्यक्तींपेक्षा व्यवस्थेचा अधिक आहे. जागतिक बँकेने नेमलेल्या वापेनहान्स समितीने १९९२ सालीच या दुखण्यावर बोट ठेवले होते. कर्मचाऱ्याची बढती कर्ज मंजूर करून घेण्यावर अवलंबून असते, कर्जाचे पुढे काय झाले यावर नव्हे, असा तिचा रोख होता. मूल्यमापनालाही हीच कीड लागलेली आहे. ज्या कार्यालयाने योजना राबविली तेच तज्ज्ञ निवडते, तेच त्याचे मानधन देते आणि पुढचे कामही तेच देणार असते. अशा तज्ज्ञाने परखड लिहावे ही अपेक्षा म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ! त्यात पाहुण्यांची फेरी दोन-तीन आठवड्यांची, दाखविलेली गावे निवडक आणि बोलके गावकरी ठरलेले. नकाराची बाजू अहवालाच्या परिशिष्टात जाऊन विसावते.

हे टाळता येते, याचे उदाहरणही आहे. मेक्सिकोने १९९७ साली गरीब कुटुंबांना, मुले शाळेत व दवाखान्यात पाठविण्याच्या अटीवर, रोख मदत देणारी ‘प्रोग्रेसा’ योजना आखली. ५०६ गावांपैकी ३२० गावांत ती चिठ्ठीने आधी सुरू केली आणि उरलेल्या १८६ गावांत नंतर. तुलनेची सोय पहिल्या दिवसापासून केलेली असल्याने लाभाचा पुरावा निर्विवाद मिळाला. २००० साली सत्तांतर झाले तरी नव्या सरकारने योजना गुंडाळली नाही, उलट नाव बदलून ती शहरांपर्यंत नेली. चांगले मूल्यमापन योजनेचे शत्रू नसून रक्षक असते, याचा याहून वेगळा दाखला नको. अर्थात प्रत्येक ठिकाणी चिठ्ठ्या टाकता येणार नाहीत. धरण अर्ध्या नदीवर बांधता येत नाही. तेथे अन्य मार्ग आहेत, आणि पद्धतीच्या आग्रहापायी प्रश्नच बदलणे हेही शहाणपणाचे नव्हे.

तेव्हा करावयाचे ते स्पष्ट आहे. मूल्यमापनाची आखणी योजनेच्या आरंभीच, तुलनेच्या व्यवस्थेसह व्हावी. परीक्षकाची नेमणूक आणि मानधन योजना राबविणाऱ्यांच्या हाती नसावे. अहवाल विनाविलंब आणि लाभार्थींच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा, त्यातील प्रत्येक शिफारशीला लेखी उत्तर देणे बंधनकारक असावे, आणि ते मिळेतो पुढील टप्प्याला मंजुरी मिळू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्यांना, आणि त्यांच्या घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांनाही, मोकळेपणी विचारावे.

हा विषय गोमंतकीयांस दूरचा वाटू नये. साळावलीच्या पाण्याचा पुरवठा वाढविण्यासाठी व मलनिस्सारणासाठी २००७ साली जपानकडून मोठे कर्ज आपण घेतले. ते फेडावयाचे आहे ते येथल्या जनतेच्याच पैशातून. अशा प्रत्येक योजनेअंती किती किलोमीटर नळ घातले हे सांगितले जाते. उन्हाळ्यात शेवटच्या वाड्यावरच्या घागरीत किती पाणी पडले आणि विहिरीचे पाणी पूर्वीइतके निर्मळ राहिले का, हे मात्र आपणच विचारावयास हवे. प्रश्न विचारणारा नागरिक जागा असेल तरच परीक्षकाची लेखणी सरळ चालते.