कारखान्याचें ध्येय कामगारापर्यंत कसें पोंचतें?

मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत शिरलें कीं, हल्लीं एक सुबक चौकट बहुतेक ठिकाणीं दृष्टीस पडते. अमुक सालापर्यंत हवेंत सोडला जाणारा कर्बवायु शून्यावर आणण्याची प्रतिज्ञा तींत कोरलेली असते. त्याच कंपनीच्या कारखान्यांत रात्रपाळीला यंत्राशीं उभ्या असलेल्या माणसाला या प्रतिज्ञेचा अर्थ विचारला, तर तो बहुधा साहेबांच्या खोलीकडे बोट दाखवील. यांत त्याचा दोष नाहीं. त्याला ती कोणीं सांगितलेलीच नसते. किंवा सांगितलेली असते ती अशा भाषेंत, कीं सांगणारालाहि ती पुरती कळली नसावी.

वस्तुतः शाश्वततेची कल्पना मराठी घराला परकी नाहीं. व्याजावर प्रपंच चालवावा, मुद्दलाला हात लावूं नये, हा जुन्या गृहस्थांचा दंडक होता. पाणी, जंगलें, खनिजें आणि स्वच्छ हवा हें निसर्गाचें मुद्दल. तें न मोडतां धंदा चालवावयाचा, एवढाच त्या अवजड शब्दाचा आशय. कल्पना इतकी सोपी असतां ती हजारों माणसांच्या हातांत कशी उतरवावी, हा प्रश्न मात्र अवघड आहे. त्याचें एक उत्तर अमेरिकेंतील एका गालिचे बनविणाऱ्या कंपनीच्या इतिहासांत सांपडतें.

रे अँडरसन या गृहस्थांनीं १९७३ सालीं ‘इंटरफेस’ ही कंपनी जॉर्जिया राज्यांत स्थापिली. फरशीसारखे बसविण्याचे गालिच्याचे चौकोनी तुकडे हा तिचा माल. आणि त्याचा धागा नायलॉनचा, म्हणजे अखेर खनिज तेलाचाच. वीस वर्षें धंदा उत्तम चालला. १९९४ च्या सुमारास गिऱ्हाइकें विक्रेत्यांना विचारूं लागलीं कीं, निसर्गासाठीं तुमची कंपनी काय करते? विक्रेत्यांपाशीं उत्तर नव्हतें. तेव्हां कंपनींतल्याच लोकांचें एक मंडळ नेमलें गेलें, आणि त्याच्या पहिल्या बैठकींत अध्यक्षांनीं आपलें धोरण सांगावें, असें ठरलें. अडचण ही, कीं कायदा पाळणें यापलीकडे अध्यक्षांजवळ धोरणच नव्हतें! ही कबुली अँडरसन यांनीं पुढें अनेक व्यासपीठांवरून मोकळेपणानें दिली.

त्या पेचांत असतांना पॉल हॉकेन यांचें ‘दि इकॉलॉजी ऑफ कॉमर्स’ हें पुस्तक त्यांच्या हातीं आलें. बेरिंग समुद्रांतील सेंट मॅथ्यू बेटाची गोष्ट त्यांत आहे. १९४४ सालीं त्या बेटावर २९ रेनडिअर सोडण्यांत आले. चारा मुबलक, शत्रु कोणी नाहीं. १९६३ पर्यंत त्यांची संख्या ६,००० च्या घरांत गेली. मग चारा सरला, आणि तीन वर्षांनीं पाहिलें तों अवघे ४२ उरले होते. हें पुस्तक वाचतांना छातींत भाला शिरावा तसें झालें, असें अँडरसन म्हणत. ऑगस्ट १९९४ मध्यें ते मंडळासमोर उभे राहिले ते हीच जखम घेऊन.

पुष्कळांना वाटलें कीं, अध्यक्षांच्या डोक्यावर परिणाम झाला. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. अँडरसन यांनीं आरंभीं माणसांपुढें आकडे मांडले नाहींत. आपण आजवर काय करीत आलों, याचा स्वतःचा झाडा दिला. वरिष्ठानें प्रथम आपली चूक उघड केली, म्हणजे हाताखालच्या माणसाला आपली चूक दाखविण्याची भीति उरत नाहीं. कारखान्यांतली नासाडी तर त्याच माणसाला ठाऊक असते.

संकल्पाला त्यांनीं एका पर्वताचें रूप दिलें. त्याला सात बाजू. सातहि बाजूंनीं चढावयाचें. पहिली बाजू म्हणजे कांहीं वायां न जाऊं देणें. ही निवड मोठी मार्मिक होती. कर्बवायु कोणाच्या डोळ्यांना दिसत नाहीं. पण कापून उरलेला गालिच्याचा तुकडा दिसतो, उचलतां येतो, तोलतां येतो. १९९५ पासून कामगारांचे गट पाडून हें काम सुरू झालें. ‘वायां गेलें’ याची व्याख्याहि कडक केली. ज्या खर्चानें गिऱ्हाइकाच्या पदरांत कांहीं पडत नाहीं, तो सारा खर्च वायां गेला असें समजावयाचें. चुकीच्या पत्त्यावर गेलेला माल त्यांत आला, चुकलेलें बिल आलें, आणि खनिज इंधनाची प्रत्येक ठिणगीहि आली. त्यामुळें हिशेबनिसापासून हमालापर्यंत प्रत्येकाला पर्वतावर पाय ठेवण्यापुरती जागा मिळाली. या मार्गानें वांचलेली रक्कम २००९ पर्यंत ४० कोटी डॉलर झाली आणि एकंदर परिवर्तनाचा सर्व खर्च तींतूनच भागला, असें अँडरसन यांनीं त्या वर्षीं सांगितलें.

त्या कारखान्याची एक हकीकत अँडरसन सांगत असत. पाहुण्या आलेल्या एका बाईंनीं माल वाहणारी गाडी चालविणाऱ्या कामगाराला त्याचें काम विचारलें. पृथ्वी वांचविण्यास हातभार लावण्यासाठीं आपण रोज येथें येतों, असें तो म्हणाला. त्या चकित होऊन आणखी विचारूं लागल्या, तेव्हां त्यानें नम्रपणें रजा घेतली. हातांतलें गुंडाळें पुढच्या यंत्रावर वेळेवर पोंचलें नाहीं, तर नासाडीचे आणि धुराचे आकडे बिघडतील, अशी त्याची विवंचना! पहिलें वाक्य कोणालाहि पाठ करवितां येतें. दुसरें मात्र पढविलेलें नव्हे. आपलें गुंडाळें आणि ती पृथ्वी यांमधला दुवा त्याच्या नजरेसमोर होता. याच कंपनींतील एका नोकरानें अध्यक्षांचें भाषण ऐकून भावी पिढीच्या मुलाला उद्देशून एक कविता लिहून पाठविली, आणि अँडरसन ती आपल्या व्याख्यानांत म्हणून दाखवीत. ते २०११ सालीं निवर्तले. २०२० पर्यंत निसर्गाची हानि शून्यावर आणण्याचा संकल्प सिद्धीस गेल्याचें कंपनीनें २०१९ मध्यें जाहीर केलें.

प्रत्येक कंपनीला असा अध्यक्ष लाभेल, असें नाहीं. लुइझियाना राज्यांतील ‘डाऊ’ रसायन कारखान्यांत सुमारें २,४०० माणसें कामाला असत. तेथें केन नेल्सन या अभियंत्यानें पर्वताची भाषा केली नाहीं. त्यानें स्पर्धा लावली. इंधन वांचविण्याची अशी युक्ति सुचवा, कीं जिचा खर्च वर्षाच्या आंत भरून येईल. १९८२ सालीं २७ युक्त्या निवडल्या. त्यांवर १७ लाख डॉलर खर्च झाले आणि गुंतवणुकीवर वर्षाला सरासरी शेंकडा १७३ परतावा मिळाला. सोपीं फळें तोडून झालीं, आतां झाड रिकामें, असें जाणत्यांना वाटलें. पुढच्या वर्षीं ३२ युक्त्या निघाल्या आणि परतावा शेंकडा ३४० भरला. विचारणारा भेटला, म्हणजे सांगणारे थकत नाहींत.

मात्र बचत हा शब्द कामगाराच्या कानाला दुहेरी लागतो. आज कच्च्या मालाची बचत, उद्यां माणसांची, ही शंका त्याच्या मनांत असतेच. आणि तिला अनुभवाचा आधारहि असतो. वांचलेल्या पैशाचें काय होणार, हें आधीं सांगितलें नाहीं, तर भिंतीवरचीं सुवचनें ओस पडतात. एखाद्यानें युक्ति सुचविल्यावर पुढच्याच महिन्यांत त्याच्या शेजारच्याची नोकरी गेली, तर त्या कारखान्यांत पुन्हां कोणी तोंड उघडणार नाहीं.

आपल्याकडे या विषयाला आतां नियमांचें बळ आलें आहे. मुंबईच्या ‘सेबी’ मंडळानें मे २०२१ मध्यें एका नव्या अहवालाचा नमुना घालून दिला आणि शेअरबाजारांतील पहिल्या १,००० कंपन्यांना तो २०२२-२३ या वर्षापासून सक्तीचा केला. जबाबदार व्यवहाराच्या तत्त्वांचें शिक्षण संचालकांपैकीं, नोकरांपैकीं आणि कामगारांपैकीं शेंकडा किती जणांना मिळालें, हें त्यांत भरावें लागतें. रकाना चांगलाच आहे. पण वर्गाला हजर किती, हें त्यांतून कळतें. उमगलें किती, हें कळत नाहीं. पडद्यावर इंग्रजी चित्रें दाखवून अर्ध्या तासांत शंभर माणसांच्या सह्या घेतल्या, तरी रकाना भरतो. त्याच अर्ध्या तासांत पाळीच्या मुकादमानें यंत्राशेजारीं मराठींत किंवा हिंदींत एक फळा लावला, त्यावर काल किती किलो माल वायां गेला आणि किती युनिट वीज जळली हें खडूनें लिहिलें, आणि ‘हें कां झालें असेल?’ एवढेंच विचारलें, तर रकान्यांत त्याची नोंद होणार नाहीं. फळ्यावरचा आकडा मात्र दुसऱ्या दिवशीं पाळीवर येणारा प्रत्येक जण मान वळवून पाहील.