भारतीय हेवी मेटल संगीत आणि गायक साहिल माखिजा : एक आकलन

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात असलेले राजूर हे कोळसा आणि चुनखडी यांच्या आधारे वाढलेले गाव आहे. अशा श्रमिक वस्तीचा आणि हेवी मेटल या पाश्चात्त्य संगीतप्रकाराचा काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी वाटत नाही. परंतु या संगीताचा उगम पाहिला असता तो कारखान्यांच्या परिसरातच सापडतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरातील कामगार कुटुंबांतल्या चार तरुणांनी ‘ब्लॅक सॅबथ’ हा वाद्यवृंद स्थापन केला आणि 1970 साली त्यांचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याची बोटे नेमकी हीच होती. त्याने बोटांवर प्लॅस्टिकची टोपणे बसविली आणि पुढे तारांचा ताण कमी केला. त्यामुळे स्वर खाली उतरला व अधिक जड झाला. हा जड स्वर पुढे या संगीतप्रकाराची ओळख ठरला. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील या क्षेत्राचे एक प्रमुख गायक साहिल माखिजा यांच्या कारकिर्दीचा विचार केला आहे.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

मुंबईत 1984 साली ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद स्थापन झाला. उदय बेनेगल हे त्याचे गायक होते. 1988 साली या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम निघाला आणि 1993 साली त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. 1986 पासून मुंबईत ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. धोबी तलाव परिसरातील रंगभवन हे खुले नाट्यगृह अशा कार्यक्रमांचे हक्काचे ठिकाण होते. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील मैफली थांबल्या. रसिक होते, परंतु रंगमंच, ध्वनिमुद्रण कंपनी आणि बाजारपेठ या तिन्ही बाबी अपुऱ्या होत्या. याच परिस्थितीत माखिजा यांच्या कारकिर्दीस सुरुवात झाली.

सांगीतिक वाटचाल

साहिल माखिजा यांनी 2000 साली मुंबईत ‘डेमॉनिक रिसरेक्शन’ हा वाद्यवृंद स्थापन केला. ‘डेमनस्टीलर’ हे त्यांचे रंगमंचावरील नाव होय. ते गायक व गिटारवादक आहेत. त्यांच्या गायनात दोन परस्परविरोधी पद्धती आढळतात. एक स्वच्छ, सुरेल गायनाची, तर दुसरी ‘ग्राउल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुरगुरत्या आवाजाची. या दुसऱ्या पद्धतीत मुख्य स्वरतंतूंच्या वर असलेल्या आभासी स्वरतंतूंच्या कंपनाचाही उपयोग होतो. अपरिचित श्रोत्यास ती केवळ आरडाओरड वाटते. वस्तुतः श्वासावरील नियंत्रण नसेल तर असे गायन गळ्यास इजा करू शकते. म्हणून त्यासाठी दीर्घ सराव आवश्यक असतो.

‘अ डार्कनेस डिसेन्ड्स’ (2005) व ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (2010) या अल्बमांमुळे या वाद्यवृंदाचे नाव देशाबाहेर पोहोचले. 2010 साली ब्रिटनमधील ‘मेटल हॅमर’ या नियतकालिकाच्या ‘गोल्डन गॉड्स’ सोहळ्यात त्यास जागतिक मेटल विभागाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर ‘द डेमन किंग’ (2014) हा अल्बम आला.

2017 साली आलेला ‘दशावतार’ हा अल्बम सांस्कृतिक दृष्ट्या विशेष लक्षणीय आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक, अशी दहा गीतांची त्याची रचना आहे. गीतांची भाषा इंग्रजी असली तरी कथाद्रव्य भारतीय आहे. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकांत हेच कथाद्रव्य शतकानुशतके रंगभूमीवर येत राहिले आहे. नरसिंहाचा उग्र आवेश व्यक्त करण्यासाठी दशावतारी नट जसा आवाजाचा आणि वाद्यांचा आधार घेतो, तसाच आधार येथे गुरगुरता स्वर आणि द्रुत तालवाद्ये यांचा घेतला आहे. परका वाटणारा संगीतप्रकार स्थानिक आशय सामावून घेऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

‘डेमनस्टीलर’ या नावाने माखिजा यांनी स्वतंत्र अल्बमही काढले. त्यांपैकी ‘धिस बर्डन इज माइन’ (2016) मध्ये ‘नाइल’ या अमेरिकन वाद्यवृंदाचे ड्रमवादक जॉर्ज कोलियास यांचा सहभाग होता. ‘द प्रोपगंडा मशीन’ (2023) या अल्बमचा विषय अपप्रचार व त्यातून पसरणारा द्वेष हा आहे. पुराणकथेकडून वर्तमान सामाजिक प्रश्नांकडे झालेला हा प्रवास त्यांच्या आशयाचा विस्तार दर्शवितो.

उपजीविकेचा प्रश्न

चित्रपट संगीताचे वर्चस्व असलेल्या देशात अशा गायकाने जगावे कसे, हा कळीचा प्रश्न आहे. माखिजा यांनी त्याचे उत्तर स्वतः व्यवस्था उभारून शोधले. ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रण संस्था काढून त्यांनी इतर भारतीय वाद्यवृंदांचे अल्बम प्रकाशित केले. ‘रिसरेक्शन’ या नावाने महोत्सव भरवून नव्या कलावंतांना रंगमंच दिला. ‘हेडबँगर्स किचन’ ही पाककृतींची यूट्यूब वाहिनीही त्यांनी चालविली. कमी कर्बोदकांच्या आहारावरील पाककृतींमुळे तिला जगभर प्रेक्षक लाभला. एका हाती गिटार आणि दुसऱ्या हाती कढई असे हे चित्र गमतीचे वाटले, तरी त्यामागे कलावंताची आर्थिक अपरिहार्यता आहे. खेड्यातील शाहीर किंवा भजनी गायक शेती अथवा मजुरी सांभाळून कला जोपासतो. त्याच्या आणि या महानगरी गायकाच्या स्थितीत या दृष्टीने फारसे अंतर नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, हेवी मेटल हे केवळ पाश्चात्त्य अनुकरण नाही. श्रमिक वस्तीत जन्मलेला हा स्वर महाराष्ट्रात येऊन दशावतारांची कथा सांगू लागला आणि वर्तमानावर भाष्यही करू लागला. साहिल माखिजा यांचे कार्य गायनापुरते मर्यादित नसून गायनासाठी आवश्यक असलेली जमीन तयार करण्याचेही आहे. पुरस्कार परदेशातून मिळतो, परंतु रंगमंच व उपजीविका येथेच मिळवावी लागते. म्हणूनच लहान गावांतील व महाविद्यालयांतील सांस्कृतिक मंचांनी अल्पसंख्य रसिकांच्या कलाप्रकारांनाही स्थान देणे अगत्याचे ठरते.