हिवाळ्यातली थर सहल : कळंबकरांसाठी थोडक्यात

• वाळवंट : साधारणपणे वर्षाला 250 मि.मी.हून कमी पावसाचा प्रदेश. कळंब पर्जन्यछायेत, अवर्षणप्रवण. पण वाळवंट नव्हे.

• थर : भारतातील बहुतेक भाग राजस्थानात, उरलेले वाळवंट पाकिस्तानात.

• हंगाम : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवसा उबदार ऊन. जानेवारीत रात्री पारा 10 अंशांखाली. स्वेटर, कानटोपी लागते.

• जैसलमेर : स्थापना 1156, रावल जैसल. पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला 2013 पासून जागतिक वारसा यादीत. आत आजही वस्ती.

• सम : वाळूच्या टेकड्या, जैसलमेरपासून सुमारे 40 कि.मी. उंटाची सफर, तंबूत मुक्काम.

• माळढोक : राजस्थानचा राज्यपक्षी. अधिवास वाळूच्या टेकड्यांपेक्षा गवताळ माळावर. सोलापूरजवळ नान्नजलाही याच पक्ष्यासाठी अभयारण्य.