बाणकोटचा ध्रुव आणि दर्यावर्दींच्या पोथ्या

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितकेच त्या ठिकाणचे अक्षांश असतात. मंडणगड तालुक्यातील बाणकोट सावित्री नदीच्या मुखाशी, जवळजवळ १८ उत्तर अक्षांशावर आहे. मुंबईतील कुलाबा १८ अंश ५४ कलांवर. मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या गलबतावरून ध्रुव सुमारे एक अंश खाली उतरलेला दिसला, की बाणकोटचे अक्षवृत्त आले. हा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल किंवा १११ किलोमीटर.

हे माप घेण्यासाठी अरबी समुद्रातील नाखवे ‘कमाल’ नावाचे साधन वापरत. लाकडाच्या आयताकृती फळीच्या मध्यातून गाठी मारलेली दोरी ओवलेली असे. एक गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरची कड ताऱ्याला टेकते का ते पाहायचे. एकेक गाठ एकेका बंदरासाठी बांधता येई. वेळ संधिप्रकाशाची साधावी लागे, कारण तारा आणि क्षितिज दोन्ही एकाच वेळी दिसायला हवीत. उंची ‘बोटां’त मोजत, एक बोट म्हणजे दीड अंशाहून थोडे अधिक.

केवळ गाठींवर मात्र भागत नसे. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून आज सुमारे ४० कला दूर आहे. इसवी सन १५००च्या सुमारास हे अंतर साडेतीन अंशांच्या आसपास होते. त्यामुळे तो रात्रभरात त्या बिंदूभोवती फिरताना बराच खालीवर होई आणि मापात दुरुस्ती करावी लागे. अशा दुरुस्त्या, बंदरांच्या ताराउंची आणि मोसमी वाऱ्यांच्या तारखा पुस्तकांत नोंदवलेल्या असत. पंधराव्या शतकातील अहमद इब्न माजिद हा या विषयाचा सर्वात नामवंत लेखक.

ही विद्या पुस्तकांइतकीच गाठीभेटींतूनही पसरली. १५५४ मध्ये तुर्की आरमाराचा सरदार सिदी अली रईस वादळात सापडून गुजरातच्या किनाऱ्याला लागला. इब्न माजिद व सुलेमान अल-महरी यांच्या ग्रंथांच्या आधारे त्याने अहमदाबादेत ‘मुहीत’ हा ग्रंथ रचला. त्यातील भागांचे इंग्रजी भाषांतर १८३४ पासून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात येऊ लागले. त्यातील मापे समजून घेण्यासाठी संपादक जेम्स प्रिन्सेप यांनी थेट बंदरात आलेल्या दर्यावर्दींनाच गाठले. तेव्हा कमाल अजून वापरात असल्याचे आणि इब्न माजिदचे नाव खलाशांच्या पुस्तकांत टिकून असल्याचे त्यांना दिसले. १८३६ मध्ये त्यांनी या उपकरणांवर लेख लिहिला. ग्रंथातील कोडे त्या ग्रंथाच्या परंपरेत वाढलेल्या दर्यावर्दींनीच सोडवले, असा हा योग.

ध्रुवावरून उत्तर-दक्षिण कळते, पूर्व-पश्चिम नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्याने रेखांशासाठी अचूक वेळ लागते; घड्याळ चार मिनिटे चुकले तर जागा एका अंशाने चुकते. घड्याळजी हॅरिसन यांच्या सागरी घड्याळाने आणि १७६७ सालासाठी प्रथम निघालेल्या इंग्रजी नाविक पंचांगाने हा प्रश्न सुटला. आकाशस्थ ज्योतींची उंची मोजायला सेक्स्टंट आला. मुंबईच्या जहाजांना वेळ पुरवणे हे १८२६ मध्ये उभारलेल्या कुलाबा वेधशाळेचे एक मूळ काम होते.

बाणकोटसारख्या बंदरांकडे जाणारी छोटी गलबते मात्र बहुधा किनारा नजरेआड होऊ देत नसत. डोंगरमाथे, किल्ल्याचा बुरूज आणि पाण्याची खोली यांवर तांडेल वाट काढत. ताऱ्यांची खरी गरज अरबस्तान किंवा आफ्रिकेहून भर समुद्र ओलांडून येताना पडे. आधी ठरलेल्या अक्षवृत्तावर पोहोचायचे आणि मग ध्रुवाची उंची तीच ठेवत किनारा दिसेपर्यंत पूर्वेला चालायचे, ही भर समुद्र ओलांडणाऱ्या नाखव्यांची रीत.

उपग्रह आल्यावरही ताऱ्यांवरून वाट काढण्याचे शिक्षण थांबलेले नाही. व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात खगोलीय नौकानयन आजही आहे, कारण उपग्रहाचे संदेश अडवता येतात आणि यंत्रे बंद पडतात. मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती सेक्स्टंटच्याच आधारे.