ट्रेनर ठेवताय? आधी विचारून घ्या!

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आला आणि आमच्या शेजारच्या वहिनींनी मनावर घेतलं. ‘आता वजन उतरवायचंच!’ गावात नवीन जिम निघालेली. तिथल्या ट्रेनरने ‘महिन्यात दहा किलो घटवून देतो’ असं छातीठोकपणे सांगितलं. वहिनींनी भिशीचे पैसे काढून वर्षाची फी एकरकमी भरली. पहिल्याच दिवशी त्याने शंभर उठाबशा काढायला लावल्या. बीपीची गोळी चालू आहे का, गुडघे दुखतात का, काही म्हणजे काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी गुडघा सुजला. पुढे दीड महिना वहिनींना जिना चढता येईना. फी परत मागितली, तर ‘परत मिळणार नाही’ असं पावतीवर बारीक अक्षरांत छापलेलंच होतं! पण पैशांपेक्षा त्यांना लागलं ते घरातलं बोलणं. ‘या वयात कशाला हवेत नसते उद्योग?’

मैत्रिणींनो, वहिनींचा व्यायामाचा निर्णय योग्यच होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय, की आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम हवा आणि किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायामही हवा. ‘घरकामात होतो की व्यायाम’ असं आपण म्हणतो. पण पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, तेव्हा ही ताकदच कामी येते. ती नीट शिकवणारं कुणी मिळालं तर उत्तमच. प्रश्न एवढाच, की ते माणूस ओळखायचं कसं?

डॉक्टर-वकिलांना सरकारी नोंदणी लागते, ट्रेनरला तशी लागत नाही. त्यामुळे दंड फुगले की झाला ट्रेनर! म्हणून कोर्स कुठे केला, किती महिन्यांचा केला, हे बिनधास्त विचारा. सर्टिफिकेट बघायला मागा. त्यात लाजायचं काय? भाजीसुद्धा आपण निवडूनच घेतो ना!

चांगला ट्रेनर पहिल्या दिवशी डंबेल हातात देत नाही, आधी माहिती विचारतो. छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपी-शुगर आहे का, सांधे दुखतात का, सिझेरियन किंवा दुसरं कुठलं ऑपरेशन झालंय का. एखादं उत्तर ‘हो’ आलं, तर तो डॉक्टरांना विचारून यायला सांगतो. जो काहीच विचारत नाही, त्याला तिथूनच नमस्कार करा.

मोठमोठ्या आश्वासनांना भुलू नका. आठवड्याला अर्धा ते एक किलो, एवढंच वजन उतरणं चांगलं. पोटाचे व्यायाम केले म्हणून फक्त पोटच कमी होईल, असंही नसतं. ट्रेनर पावडरचा डबा गळ्यात मारायला लागला, तर सावध व्हा. शुगर किंवा किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय डबा उघडूसुद्धा नका.

आणखी एक, जे बोलायला आपण कचरतो. व्यायाम शिकवताना हात लावायची गरज पडली, तर ट्रेनरने आधी विचारायला हवं. नको वाटलं तर ‘तोंडी सांगा’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फोटो काढायला, ते मोबाइलवर टाकायलाही तुमची परवानगी हवी. ट्रेनर घरी येणार असेल, तर सुरुवातीला घरात कुणीतरी असू द्या.

हे लक्षात ठेवा
* दोन-तीन दिवस करून बघा, मगच फी भरा.
* फी महिन्याची भरा, पावती घ्या आणि मागची बाजूही वाचा.
* तिघीचौघींनी मिळून एक ट्रेनर ठेवला, तर खर्च वाटला जातो.
* व्यायामात दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबा. ‘सहन करा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

वहिनींनी नाद सोडला नाही बरं का! गुडघा बरा झाल्यावर डॉक्टरांना विचारलं आणि दोन शेजारणींना घेऊन एक कोर्स केलेली मुलगी ठरवली. गच्चीवर, आठवड्यातून तीन दिवस. तिने आल्या आल्या गुडघ्याचा रिपोर्ट मागितला आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्यापासून सुरुवात केली. सहा महिन्यांत वजन उतरलं चारच किलो. पण परवा वहिनी जेजुरीचा गड न थांबता चढून आल्या. घरी आल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘काय गं, ती पोरगी मलाही काही शिकवेल का?’