फिरत्या घराच्या बॅटऱ्या : बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर

मोटरहोम हे एकाच वेळी वाहन आणि घर असल्यामुळे त्यात विजेच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात. एक बॅटरी केवळ इंजिन सुरू करण्यासाठी असते. तिच्यातून काही सेकंद शेकडो अँपिअरचा प्रवाह घेतला जातो आणि गाडी धावू लागताच अल्टरनेटर ती तूट भरून काढतो. दुसरी बॅटरी, किंवा बहुधा दोन-चार बॅटऱ्यांचा संच, राहत्या भागातील दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज आणि हीटरचा पंखा यांना तासन्‌तास वीज पुरवतो, आणि अमेरिकेत यालाच ‘हाउस बॅटरी’ म्हणतात. पहिल्या प्रकारात शिशाच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, कारण क्षणात मोठा प्रवाह देण्यासाठी पृष्ठभाग जास्त लागतो. दुसऱ्या प्रकारात त्या जाड असतात, म्हणजे वारंवार खोलवर रिकाम्या होऊनही त्यांच्यावरील लेप लवकर झडत नाही. अशा बॅटरीला ‘डीप सायकल’ म्हणतात. दुकानात ‘मरीन-आरव्ही’ अशी चिठ्ठी लावून जे विकले जाते ते पुष्कळदा या दोहोंच्या मधले असते, आणि त्याची खूण अशी की त्या चिठ्ठीवर अँपिअर-तासांपेक्षा इंजिन सुरू करण्याची ताकद ठळक छापलेली असते.

या भेदाचे महत्त्व ॲरिझोनातील क्वार्टझसाइटसारख्या ठिकाणी चांगले लक्षात येते. या वाळवंटी गावालगतच्या सरकारी जमिनीवर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट ही केंद्रीय संस्था दर वर्षी १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात दीर्घ मुक्कामाचे परवाने देते, आणि कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागातील थंडी टाळणारी माणसे तेथे आपली मोटरहोम घेऊन महिनोन्‌महिने राहतात. त्या जागांवर विजेची जोडणी नसते, त्यामुळे छतावरचे सौर पॅनेल, जनरेटर आणि हाउस बॅटरी एवढ्यावरच सगळा संसार चालतो. अशा मुक्कामात बॅटरी दोन-तीन वर्षांत निकामी झाली की पहिला विचार अधिक मोठी किंवा अधिक महाग बॅटरी घेण्याचा होतो. तो बहुतेक वेळा चुकतो, कारण जुनी बॅटरी कशाने गेली हे ठरल्याशिवाय नवी निवडली तर तीही त्याच कारणाने आणि जवळपास तेवढ्याच काळात जाते.

ते कारण समजण्यासाठी बॅटरीच्या आत डोकावावे लागते. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली, १८८१ मध्ये कामिय फोर याने प्लेटांवर लेप देण्याची रीत काढली, आणि आजही तत्त्व तेच आहे. बॅटरी वीज देते तेव्हा धन प्लेटेवरचा शिशाचा डायऑक्साइड आणि ऋण प्लेटेवरचे सच्छिद्र शिसे या दोहोंचे शिशाच्या सल्फेटमध्ये रूपांतर होते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना ही क्रिया उलटते. ताजे सल्फेट बारीक स्फटिकांचे असते आणि सहज परत विरघळते, पण बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट चार्ज राहिली तर हे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि मग कोणत्याही चार्जरला दाद देत नाहीत. या प्रक्रियेला सल्फेशन म्हणतात. मोटरहोममधील शिशाच्या बॅटऱ्या वापरामुळे झिजतात त्याहून अधिक या अपुऱ्या भरण्यामुळे जातात, ही गोष्ट प्रत्येक खरेदीदाराने मनावर घेण्यासारखी आहे.

अपुरे भरणे इतके सर्रास का घडते, याचे उत्तर चार्जिंगच्या टप्प्यांत आहे. पहिल्या टप्प्यात चार्जर देईल तेवढा प्रवाह बॅटरी घेते आणि साधारण ८० टक्क्यांपर्यंत लवकर पोहोचते. त्यानंतर व्होल्टेज १४.४ ते १४.८ च्या आसपास स्थिर धरून ठेवावे लागते आणि बॅटरी स्वतःच प्रवाह कमी कमी घेऊ लागते. शेवटचे २० टक्के भरण्यासाठी तीन ते पाच तास लागतात आणि चार्जर कितीही ताकदीचा असला तरी हा काळ फारसा आखडता येत नाही. पूर्ण भरल्यावर १३.२ ते १३.६ व्होल्टवर ती नुसती राखली जाते. आता संध्याकाळी दोन तास जनरेटर चालवणाऱ्या कुटुंबाची बॅटरी रोज ८० टक्क्यांवर थांबते, आणि जुन्या गाड्यांमधील १३.६ व्होल्टच्या आसपास अडकून राहणारा कन्व्हर्टर (म्हणजे घरगुती वीज घेऊन बॅटरी भरणारे उपकरण) तेवढेही धड करू शकत नाही. यावर उत्तम उपाय वेळेची अदलाबदल हा आहे : जनरेटर सकाळी लावावा, कारण तेव्हा बॅटरी रिकामी असते आणि मोठा प्रवाह घेते, आणि उरलेले संथ काम दिवसभर सौर पॅनेलवर सोपवावे. मात्र हिवाळ्यात सौर पॅनेलवरही फार विसंबता येत नाही. क्वार्टझसाइटच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवरच असतो, त्यामुळे छतावर आडव्या बसवलेल्या पॅनेलवर पडणारे थेट ऊन निम्म्याहून थोडेच अधिक भरते. पॅनेल तिरके उचलण्याची सोय असणे हा तेथे चैनीचा भाग नाही.

जुन्या बॅटरीची तपासणी करताना भिंतीवरच्या चार दिव्यांच्या पट्टीवर भरवसा ठेवू नये. ती केवळ त्या क्षणीचे व्होल्टेज दाखवते, म्हणून चार्जर चालू असताना रिकामी बॅटरीही भरलेली भासते आणि पंप चालू असताना भरलेली बॅटरी अर्धी भासते. काही तास सर्व भार तोडून मोजलेले व्होल्टेजच अर्थपूर्ण असते : १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत याहून खात्रीचे साधन हायड्रोमीटर हे आहे, जे आम्लाची घनता सांगते. बॅटरीच्या भरलेल्या घरात (म्हणजे सेलमध्ये) ती सुमारे १.२६५ असते, सहापैकी एखाद्या घरात ती इतरांपेक्षा ०.०५० ने कमी आढळली तर ते घर निकामी होत चालले आहे, आणि सगळ्याच घरांत सारखी कमी असेल तर दोष चार्जिंगकडे शोधावा. हा एवढा भेद ओळखला तरी पुष्कळ अनावश्यक खरेदी टळते.

नव्या संचाचा आकार गरजेच्या हिशेबाने ठरतो. समजा १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज दिवसाला ५० अँपिअर-तास घेतो, हीटरचा पंखा ७ अँपिअरने पाच तास चालून ३५, आणि दिवे, पंप व फोन मिळून १५. म्हणजे रोज १०० अँपिअर-तास, किंवा घरच्या वीजबिलाच्या भाषेत सुमारे सव्वा युनिट. शिशाची बॅटरी रोज निम्म्याखाली जाऊ न देण्याचा दंडक पाळला तर २०० अँपिअर-तासांचा संच लागतो. यात एक बारीक गोष्ट दडलेली असते. बॅटरीवर छापलेली क्षमता ती २० तासांत सावकाश रिकामी केली तर मिळते. प्रवाह वाढवला की मिळणारी एकूण वीज घटते, असा नियम विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडला. म्हणून इन्व्हर्टरवरून मायक्रोवेव्ह लावून १०० अँपिअरच्या पुढचा प्रवाह खेचणाऱ्या घराला कागदावरचा हिशेब पुरत नाही.

प्रकारांपैकी अमेरिकेत सर्वांत भरवशाची जुनी निवड म्हणजे गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीत लावणे. प्रत्येकीचे वजन सुमारे २८ किलो आणि क्षमता २२० अँपिअर-तासांच्या आसपास असते, एकसर जोडल्यावर व्होल्टेज दुप्पट होते आणि क्षमता तेवढीच राहते. या बॅटऱ्या रोजच्या खोल वापरासाठीच घडवलेल्या असतात, स्वस्त असतात आणि थोडी हेळसांडही सोसतात. त्यांची अट एवढीच की पाण्याची पातळी पाहता येईल अशा जागी त्या असाव्यात आणि तो कप्पा हवेशीर असावा, कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी स्फोटक ठरतो. एजीएम प्रकारात आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते, पाणी घालावे लागत नाही आणि बॅटरी आडवी पडली तरी सांडत नाही, म्हणून पलंगाखालच्या बंद जागेसाठी ती योग्य. पण सल्फेशन तिलाही सोडत नाही. जेल बॅटरीला जादा व्होल्टेज मुळीच खपत नाही, त्यामुळे बदलीसाठी तिचा विचार क्वचितच करावा.

गेल्या काही वर्षांत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीने हे सगळे गणित बदलले आहे. तिचे मूळ १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आहे. १०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी साधारण ११ ते १४ किलोची असते, तिची ८० टक्क्यांहून अधिक वीज रोज वापरता येते, आणि अर्धवट चार्ज राहिल्याने तिचे काहीच बिघडत नाही. ज्यांची जुनी बॅटरी अपुऱ्या भरण्याने गेली त्यांना हाच तिचा सर्वांत मोठा लाभ आहे, वजन किंवा आयुष्य याहूनही मोठा. पण ती जुन्या जागी नुसती बसवून चालत नाही. गोठणबिंदूखाली चार्ज केल्यास तिच्या ऋण प्लेटेवर धातुरूप लिथियम साचून कायमचे नुकसान होते, म्हणून आतील संरक्षक परिपथ, ज्याला बीएमएस म्हणतात, थंडीत चार्जिंग तोडतो, आणि थंड प्रदेशात ती बाहेरच्या उघड्या पेटीऐवजी राहत्या भागात ठेवावी लागते. जुना कन्व्हर्टर तिला पूर्ण भरू शकत नाही. उलट अल्टरनेटरशी थेट जोडल्यास ती इतका प्रवाह ओढते की इंजिन मंद गतीवर असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो. त्यासाठी मध्ये प्रवाह मर्यादित करणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. तिचे व्होल्टेज रिकामी होत आल्यावरही जवळपास स्थिर राहत असल्याने आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजणारा शंट आणि मॉनिटर लागतो. हा सर्व खर्च बॅटरीच्या किमतीत धरूनच तुलना करावी, नाहीतर स्वस्त वाटलेली खरेदी महाग पडते.

जोडणीत दोन नियम कधी मोडू नयेत. जुनी आणि नवी बॅटरी एकाच संचात मिसळू नये, कारण दुबळी बॅटरी सबळ बॅटरीलाही खाली ओढते. आणि समांतर जोडणीत धन तार पहिल्या बॅटरीवरून तर ऋण तार शेवटच्या बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे सर्वांवर भार सारखा येतो. धन टोकाजवळ फ्यूज असावाच. काम करताना अंगठी आणि कडे काढून ठेवणे, डोळ्यांवर चष्मा लावणे आणि आधी ऋण तार सोडवणे एवढी शिस्त पाळली की अपघाताचे बहुतेक मार्ग बंद होतात.

पुढची निगा कष्टाची नाही, नियमाची आहे. पाणी चार्ज पूर्ण झाल्यावर घालावे, आधी नाही, कारण चार्ज होताना आम्लाची पातळी वर येते आणि भरलेले घर उतू जाते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढे पाणी आधी घालावे लागते. पाणी डिस्टिल्डच असावे आणि आम्ल कधीही घालू नये. टोकांवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन वर पेट्रोलियम जेली लावावी. झाकणे उघडणाऱ्या बॅटऱ्यांना अधूनमधून साडेपंधरा ते सोळा व्होल्टचे मुद्दाम जादा चार्जिंग देतात, त्याने घरांमधील असमानता दूर होते. हा उपचार एजीएम, जेल किंवा लिथियम बॅटरीवर केल्यास ती खराब होते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरीचा तोडस्विच बंद करावा, कारण सगळे दिवे मालवलेले असतानाही गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र काही आठवड्यांत बॅटरी रिकामी करू शकते. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी, लिथियम बॅटरी निम्म्याच्या आसपास. थंडीत शिशाच्या बॅटरीबाबत हे विशेष महत्त्वाचे, कारण भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही, तर रिकाम्या बॅटरीतील पातळ आम्ल उणे १० च्या आसपासच गोठून पेटी फोडते.

हा विषय आता आपल्याकडेही परका नाही : महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले आहे, आणि भारनियमनाच्या वर्षांत ज्या घरांत इन्व्हर्टर आला त्यांना पाणी घालण्याची शिशाची बॅटरी मुळीच नवी नाही. जुनी बॅटरी भंगारात देताना ती विक्रेत्याला किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रणाऱ्यालाच परत करावी, हे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांना धरून आहे आणि शिशाच्या विषारीपणामुळे आवश्यकही आहे. पण येथील हवामानात क्वार्टझसाइटच्या हिवाळ्याचे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे ढोबळमानाने निम्मे होते, आणि चार्जिंगचे छापील व्होल्टेज २५ अंशांसाठी असते. विदर्भातील मे महिन्यात बॅटरीचा कप्पा ४० अंशांवर गेला तर १२ व्होल्टच्या संचाला सुमारे ०.४ व्होल्ट कमी द्यावे लागतात, नाहीतर पाणी झपाट्याने उडते आणि प्लेटा गंजतात. म्हणून येथे गाडी सजवणाऱ्याने बॅटरीच्या अंगाला चिकटवायचा तापमान-संवेदक असलेला चार्जर निवडावा आणि बॅटरीचा कप्पा इंजिन व सायलेन्सरपासून दूर, सावलीच्या बाजूला काढावा.