फुकटचा सामना

दापोलीच्या आम्हां जुन्या लोकांना दूरदर्शन म्हटले की कौलांवरचा अँटेना आठवतो. चित्र हवेतून यायचे. अँटेना ते पकडायचा.

आता चित्र मोबाईलवर येते. ते इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यांनी येते. एक तुकडा आपण पाहतो, तोवर पुढचा येतो. पावसात रेंज गेली की पुढचा तुकडा अडतो आणि चित्र थांबते.

जिओ ही मोबाईलची कंपनी. तिची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली. ती चित्रे दाखवण्याच्या धंद्यातही उतरली. २०२३ साली जिओसिनेमावर आयपीएलचे क्रिकेट सामने फुकट दिसले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झाले. मग पूर्ण सामना पाहायला वर्गणी, नाहीतर ठरावीक रिचार्ज लागू लागला.

खरे तर आधीही फुकट नव्हते. डेटा खर्च होतच होता. त्याचे पैसे आपणच भरत होतो. आधी सवय लागते, मग दाम द्यावा लागतो. बाजाराची ही जुनीच रीत.

पाहू नका, असे आम्ही म्हणत नाही. पण बोट दाबण्याआधी वाचा. किती रुपये? किती दिवस? पुढचे पैसे आपोआप कापणार का? आता तुम्हांला वाचता येते. मग फसायचे कशाला?